मीटर किती फुटांवर?

सांगलीला गावभागातल्या आमच्या घरात जिन्याखाली भिंतीची एक पट्टी आहे, तिला रंग लावायचा नाही. रंगारी आला की बाबा आधी ते सांगतात, मग चहा. पट्टीवर पेन्सिलीच्या तीन रेघा: फरशीपासून नऊ इंचांवर २००५, पावणेदोन फुटांवर २०२१, आणि माझ्या हनुवटीला लागते ती २०१९.

पूल बांधायच्या आधी नदी किती चढेल याचा आकडा काढून देणं, हा माझा धंदा. पुण्यात बसून लोकांच्या नद्यांचे आकडे काढते. घरच्या नदीचा आकडा बाबांनी यंदा पहिल्यांदाच मागितला. वायरिंग नवं करायचं होतं. विजेचं मीटर आणि बटणं किती उंचीवर घ्यायची, एवढंच त्यांना हवं होतं.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘आयर्विनला किती?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. बाबांच्या वहीत २००५ ची एक नोंद आहे: ‘पाणी उंबऱ्याला लागले. पुलाला ५३.’ ही ओळ माझ्यासाठी सोन्याची. तिच्यामुळे पुलाचा सगळा इतिहास आमच्या फरशीवर आणता येतो. त्या वर्षी पुलाला पाणी ५३ फूट ९ इंचांपर्यंत गेलं, आमच्याकडे नऊ इंच. २०१९ ला तिकडे साडेसत्तावनच्या घरात, इकडे साडेचार फूट. पुलापासून घरापर्यंत पाणी काही थाळीतल्यासारखं सपाट नसतं, दर पुराचा उतार वेगळा. तरी ताळा जमतो, आणि एवढा ताळा मला सरकारी कागदांतही क्वचितच मिळतो.

कारण पुरात पातळी वाचणं सोपं, प्रवाह मोजणं अवघड. पातळी पट्टीवर दिसते. किती क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, वाहतंय हे कळायला पाण्याचा वेग लागतो, त्यासाठी करंट मीटर पाण्यात सोडावं लागतं. एरवी ते होतं. पण झाडं, म्हशी आणि गॅसची टाकी वाहत येत असताना नाव कोण घालणार? मग लहान पुरांवरून पातळी आणि प्रवाहाचा जो आलेख काढलेला असतो, तो वर तसाच लांबवायचा. गंमत अशी की नदी काठ सोडून पसरली की आलेखाची चालच बदलते, एकेका फुटाला आधीपेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं. वर, चढत्या पुरात आणि उतरत्या पुरात एकाच पातळीला प्रवाह सारखा नसतो. चढताना जास्त असतो. म्हणून ‘इतके लाख क्युसेक’ असा गुळगुळीत आकडा दिसला की मी आधी विचारते, मोजला की लांबवला?

धरणाचा हिशेब त्यामानाने सरळ. एक लाख क्युसेक दिवसभर सोडले की ८.६४ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट, गेले. कोयनेचं धरण साधारण १०५ टीएमसीचं. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाने आमचा पूर वाढतो का, हा वाद इथे काढत नाही. तो काढला की वायरिंग राहून जाईल.)

बाबांचा खरा सवाल वेगळा होता. “२००५ ला शंभर वर्षांचा पूर येऊन गेला म्हणाले सगळे. मग चौदा वर्षांत त्याहून मोठा कसा आला?”

चूक ‘शंभर वर्षांचा’ या शब्दांची आहे, त्यात एसटीचं वेळापत्रक असल्यासारखं वाटतं. अर्थ एवढाच, की दर वर्षी शंभरात एक शक्यता. गेल्या वर्षी आला म्हणून यंदा सुटका नाही. फाशाला मागचं दान आठवत नाही. अशा घरात तीस वर्षं राहिलात तर तो पूर एकदा तरी बघायची शक्यता २६ टक्के. बाबांनी आकडा वहीत लिहिला आणि म्हणाले, “म्हणजे चारातला एक. तसं सांगत जा की.”

आणि तो शंभरातला एकसुद्धा आम्ही काढतो कशावरून? दर वर्षीची सर्वांत मोठी पातळी घ्यायची आणि गुंबेलच्या सूत्रात बसवायची, ते मोठ्या पुराची शक्यता सांगतं. हा गुंबेल जर्मन गणिती, पहिल्या महायुद्धानंतर देशातल्या राजकीय खुनांची आणि त्यांना झालेल्या शिक्षांची मोजदाद करून छापणारा. १९३२ मध्ये त्याला हायडेलबर्गच्या विद्यापीठातून काढलं. मला तो आवडतो. पण त्याचं सूत्र धरून चालतं की फासा तोच आहे. पाऊस बदलला, नदीकाठी भराव पडले, तर फासाच बदलला. मी २०१९ धरून आणि वगळून दोन्ही हिशेब केले. बाबांच्या पट्टीवर दोन उत्तरांत हातभर अंतर पडलं. एका वर्षाने हातभर हलणाऱ्या आकड्याला दशांश चिन्ह लावायची मला लाज वाटते.

शेवटी म्हटलं, सगळं सहा फुटांवर घ्या. २०१९ च्या वर दीड फूट.

आई इतका वेळ मेथी निवडत होती. “अगं, माझा हात पोचतो का सहा फुटांवर? रोज दिवा लावायला स्टूल घेऊ? पूर येईल तेव्हा येईल, मी त्याआधी पडेन.”

खरंच होतं. पुराची शक्यता काढली, नुकसान काढलं, पण बहात्तर वर्षांची बाई दिवसातून दहा वेळा स्टुलावर चढणार, हे माझ्या गणितात नव्हतंच. माझ्या स्प्रेडशीटमध्ये माणसं नसतात, इमारती असतात.

तोडगा वायरमनने काढला. “ताई, बटणं राहू द्या काकूंच्या हाताला. खालच्या मजल्याचं सर्किट वेगळं करतो, एमसीबी नि मीटर वर जिन्याच्या वळणावर. पाणी यायला लागलं की खालच्याचा खटका पाडायचा. भिजली तर बटणंच बदलायची.” बटणांचा खर्च किती, ते त्याने तिथेच बोटांवर मोजून सांगितलं.

तसंच केलं. आता पट्टीवर चौथी रेघ आहे, लाल खडूची, सहा फुटांवर. शेजारी बाबांनी लिहिलंय: ‘मुलीचा अंदाज.’