मशीन बरोबर आहे ताई, सॅम्पल बदला

मी कऱ्हाडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा) करून १६ वर्षं झाली. सकाळी सातला शटर उघडायचं, फास्टिंगवाल्यांची रांग, रक्त घ्यायच्या नळ्या म्हणजे ईडीटीए बल्ब, ग्रे बल्ब, प्लेन बल्ब, मग सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लावायचे, दुपारी पिकअप बॉय आला की बाहेरच्या टेस्टचे सॅम्पल पॅक करून द्यायचे. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की रिपोर्टमधले आकडे माझ्या रोजच्या बघण्यातले आहेत. आणि तरीही.

गेलं वर्ष-दीड वर्ष मी दमलेली होते. दमलेली म्हणजे झोपून उठलं तरी दमलेली. बसस्टॉपवरून लॅबपर्यंत चालत आले की पाच मिनिटं स्टुलावर बसायचं, वरच्या मजल्यावर स्टोअर आहे तिथून किट आणायचं तर मी पोरांना पाठवायचे. संध्याकाळी घरी गेले की कुकर लावेपर्यंत पाय भरून यायचे. पायाला मुंग्या यायच्या ते मी उभं राहून काम असतं म्हणून सोडून दिलेलं. मध्ये एकदा थायरॉईड केलं, नॉर्मल. साखर नॉर्मल. हिमोग्लोबिन ११.६ आलं होतं, ते मी स्वतःच बघितलं आणि म्हटलं बायकांचं अकराच असतं.

आता हे "बायकांचं अकराच असतं" वाक्य मी काउंटरवर किती वेळा बोलले असेन देवाला माहिती. खरं तर लिमिट १२ आहे. एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमधल्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय, म्हणजे आमच्याकडे येणारी प्रत्येक दुसरी बाई. रोज बघायचं म्हणजे मग ते दिसतच नाही.

तर त्या दिवशी सीबीसी मशीनची सर्व्हिसिंग होती. इंजिनिअर पोरगा आला, साफसफाई झाली, कंट्रोल (आकडे आधीच माहीत असलेले सॅम्पल) लावले, तिन्ही लेव्हल रेंजमध्ये. मग त्याला रिपीटेबिलिटी बघायची होती, म्हणजे एकच सॅम्पल दहा वेळा लावायचं आणि आकडे एकमेकांजवळ येतात का ते बघायचं. म्हणाला, ताई कुणाचं तरी फ्रेश नॉर्मल ब्लड द्या. मी म्हटलं माझंच घे, मला काय झालंय. लॅबमधल्या पोरीने प्रिक केलं, दोन एमएल.

हिमोग्लोबिन ११.२, ११.३, ११.२, ११.२. एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) ८६, ८६, ८७, नॉर्मल. प्लेटलेट, पांढऱ्या पेशी व्यवस्थित. आणि आरडीडब्ल्यू (त्या आकारातला फरक) १९.४, १९.३, १९.५, प्रत्येक वेळी पुढे एच, म्हणजे हाय. (आमच्याकडे १४ पर्यंत नॉर्मल धरतात.) पोरगा गोंधळला, त्याला वाटलं त्याच्याच हातून काहीतरी राहिलं. परत रिन्स केलं, परत कंट्रोल लावला, कंट्रोल अगदी बरोबर. परत माझं लावलं, परत १९.४. पेशींच्या आकाराचा ग्राफ बघितला तर एका डोंगराऐवजी दोन टेकड्या. तो बिचारा जरा संकोचूनच म्हणाला, "मशीन बरोबर आहे ताई, सॅम्पल बदला."

हसले मी तेव्हा. पण ती टेकडी डोक्यातून जाईना. जेवणाच्या सुट्टीत स्वतःची स्लाइड काढली, लिशमन स्टेन केला, ऑइल टाकून शंभरच्या लेन्सवर लावली. एकाच फील्डमध्ये दोन जातीच्या लाल पेशी. काही बारक्या, फिकट, नुसत्या कडेला रंग असलेल्या, एखादी पेन्सिलीसारखी लांबट. आणि त्यांच्या शेजारी मोठ्या, अंडाकृती, भरलेल्या. त्यात एक न्यूट्रोफिल (पांढरी पेशी) दिसला, त्याच्या केंद्रकाचे सहा तुकडे, बारीक दोऱ्यात ओवल्यासारखे. एरवी तीन-चार असतात. मी परत परत मोजले.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना बोलावलं. त्यांनी डोळा लावला, स्लाइड थोडी सरकवली आणि विचारलं, "कुणाचीये ही?" मी म्हटलं माझी. त्या वर बघून काहीच बोलल्या नाहीत आधी. मग म्हणाल्या, "आयर्न तर कमी आहेच, पण या मोठ्या पेशी बघ, बी-१२ पण लाव. फेरिटिन (लोहाचा साठा) आणि बी-१२ दोन्ही आजच्या पिकअपला जाऊ दे."

म्हणजे झालं असं होतं की लोह कमी असलं की पेशी बारीक होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या होतात. एमसीव्ही म्हणजे पेशीचा सरासरी आकार. एका पायात पाच नंबरची चप्पल आणि दुसऱ्या पायात नऊ नंबरची, सरासरी सात, माझ्याच मापाची, चालून दाखवा म्हणावं. तो ८६ चा आकडा तसा होता. आरडीडब्ल्यू मात्र पेशी एकमेकींपेक्षा किती वेगळ्या आहेत ते सांगतो, आणि तो कॉलम पेशंट सोडा, मीसुद्धा वाचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. फेरिटिन ७, बी-१२ १४२. बी-१२ दोनशेच्या आत म्हणजे कमीच.

फिजिशियनकडे गेले तर त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी खाणंपिणं विचारलं. आमच्या माहेरी माळ आहे, मटण-अंडं मी खात नाही. दूध चहात जाईल तेवढंच. चहा पाच वेळा, त्यातले दोन जेवणाला लागून. आणि ॲसिडिटीची गोळी? ती रोज उपाशीपोटी, चार वर्षं झाली, कुणीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेली. डॉक्टर म्हणाले पोटातलं ॲसिड लोह शोषायला पण लागतं आणि जेवणातलं बी-१२ सुटं व्हायला पण. मी दोन्ही वाटा स्वतःच बंद करून बसलेले. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, लोहाच्या गोळ्या, चहा जेवणापासून लांब. गोळ्यांनी पोट बिघडलं, संडास काळी झाली, हे म्हणाले बंद कर, मी म्हटलं आता नाही.

गंमत म्हणजे महिन्याने आरडीडब्ल्यू अजून वाढला, २२. मी घाबरले. मॅडम म्हणाल्या नव्या चांगल्या पेशी आल्यात, जुन्या अजून आहेत, सरमिसळ वाढणारच. हिमोग्लोबिन १२.१ झालेलं.

त्याच आठवड्यात मला एक मावशी आठवल्या, धुण्याभांड्याची कामं करतात, सर्व्हिसिंगच्या चारच दिवस आधी रिपोर्ट घेऊन गेल्या होत्या. "पोरी, लई थकवा येतोय गं, ह्यात काय हाय का बघ." मी बघून सांगितलं होतं, काही नाही मावशी, थोडं रक्त कमी आहे, बीट-गूळ खा. कॉम्प्युटरला त्यांचा रिपोर्ट शोधला. आरडीडब्ल्यू १८.१. फोन लावला तर त्यांच्या मुलाने उचलला. परत आल्या त्या, रिपोर्ट दाखवायला मॅडमकडे पाठवलं. आता आमच्याकडे आरडीडब्ल्यू १७ च्या वर दिसला की स्लाइड काढायचीच, मग गर्दी असो नाहीतर लाइट जावो.

सहा महिन्यांनी तोच इंजिनिअर पोरगा परत आला. मुंग्या कमी झाल्यात माझ्या, स्टोअरला आता मीच जाते, दुपारी तीनला मात्र अजून डोळे मिटतात. त्याने नॉर्मल ब्लड मागितलं, मी बाही वर करायला लागले.

"तू थांब," मॅडम म्हणाल्या, "तुझा आरडीडब्ल्यू अजून १५.६ आहे," आणि स्वतःचा हात पुढे केला. त्यांचं हिमोग्लोबिन १०.९ निघालं.