प्लॅनर हेडफोन दुरुस्ती, भाग 3: पट्टा जमला, पॅड जमले, योक बाकी

मंडळी, मागच्या अपडेटला दीड महिना झाला, पण आता सांगण्यासारखं बरंच साठलंय.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी, हेडफोन ओपन बॅक (कपची मागची बाजू उघडी) प्लॅनर (आवाज काढणारा पडदा सपाट, पातळ) आहे, सेकंडहँड घेतलाय, नवा असताना लाखाच्या वर किंमत. ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) अप्रतिम, पण भोवतीचं बाकी काम बघून जीव तुटतो. किचनच्या काट्यावर केबल काढून 612 ग्रॅम भरला, सेनहायझरचा एचडी 650 साधारण 260 ग्रॅमचा, म्हणजे दुपटीहून जास्त.

तरी रोज वापरून माझं मत असं झालंय की खरा घोळ वजनात नाही, ते वजन डोक्यावर टेकतं कुठे त्यात आहे. मूळचा हेडबँड कडक कमानीसारखा, टाळूवर जेमतेम दोन बोटं जागा टेकायची आणि अर्ध्या तासात तिथे ठणकायला लागायचं. म्हणून कमान तशीच ठेवून खाली कातड्याचा पट्टा लावायचा ठरवलं. आमच्या कोपऱ्यावर चपला शिवणारे काका बसतात, त्यांना पुठ्ठा कापून नेऊन दाखवला, तर ते म्हणाले, "एवढं जाड कातडं डोक्यावर बसणार नाही, टोकं तासून पातळ करतो, आणि भोकाजवळ दुहेरी शिवण घेतो, नाहीतर तिथनंच फाटत जाईल." हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पट्टा 65 मिमी रुंद, घेतले 180 रुपये. परवा सलग अडीच तास ऐकलं, टाळू एकदम शांत.

पॅडचं दुखणं आपल्याकडे सगळ्यांनाच माहितीये, पीयूचं नकली कातडं दमट हवेत सोलवटतं, दोन पावसाळे काढले की काळे पापुद्रे गालाला चिकटतात. पण माझी त्याहून मोठी अडचण चष्म्याची होती. अशा प्लॅनरमध्ये पॅड आणि कानामधली हवा बंद राहिली तरच खालचा बेस येतो, चष्म्याच्या काडीने फट पडली की गेला. कानाशी छोटा माइक लावून मोजलं, चष्म्यासकट 40 हर्ट्झला 6 डीबी कमी! नवीन मेंढीच्या कातड्याचे पॅड घेतले आणि काडी येते तिथे आतल्या फोमला ब्लेडने 5 मिमी खोल खाच पाडली, वरचं कातडं अजिबात न कापता. आता फरक 2 डीबीच्या आत आलाय. ही खाच कंपन्यांनी स्वतःच का देऊ नये, चष्मेवाले काय कमी आहेत का?

ट्रेबलचं (वरच्या, तीक्ष्ण आवाजाचं) थोडक्यात. 6 किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा होता, अभंगातले टाळ कानात घुसायचे. 2009 च्या सेनहायझर एचडी 800 ला साधारण तिथेच असा उंचवटा होता, लोकांनी आत फेल्ट (नमद्यासारखं जाड कापड) लावून तो उतरवला, आणि 2016 च्या 800 एस मध्ये कंपनीने ड्रायव्हरच्या मधोमध शोषक बसवून दिला. मी आधी लोकरी फेल्ट पूर्ण ड्रायव्हरवर टाकलं तर सगळाच आवाज दबला, मग नुसती कडेने रिंग ठेवली आणि टाळ जागेवर आले. पॅड बदलले की ट्रेबलही बदलतो, त्यामुळे फेल्टचं काम पॅडनंतरच करा, उलट केलंत तर परत पहिल्यापासून.

राहिला योक, म्हणजे कप हेडबँडला जोडून धरणारा भाग. स्क्रूच्या भोकाशेजारी काटकोनात वळलेला कोपरा आहे, बरोबर तिथेच केसाएवढी चीर गेलीये, कारण सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. नवीन ड्रॉइंगमध्ये आतून 3 मिमीचा रेडियस (गोलाई) दिलाय, भोकही कोपऱ्यापासून लांब सरकवलंय, आणि भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचे दोन पीस कापायला टाकलेत. तोवर चिरेवर इपॉक्सी लावून काम चालवतोय. कोणी ॲल्युमिनियमचा योक घरच्या घरी वाकवला असेल तर वाकवण्याआधी तापवला का ते सांगा, माझा एक सॅम्पल तुकडा थंड वाकवताना तडकला.