अ‍ॅस्पेक्टजेमधलं कपलिंग मोजताना

एमईच्या प्रोजेक्टला लायब्ररी मॅनेजमेंटचा जुना जावा कोड घेतला होता, त्यातलं लॉगिंग आणि परमिशन चेकिंग उचलून अ‍ॅस्पेक्टमधे (अ‍ॅस्पेक्टजे या जावाच्या एक्स्टेन्शनमधलं वेगळं मॉड्यूल) टाकायचं आणि मेंटेनन्स सोपा झाला हे आकड्यांत दाखवायचं. गाईड सरांचं एकच, "सोपं झालं म्हणू नकोस, मोजून आण."

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, चिदंबर-केमेरर यांचा १९९४चा सीबीओ हा कपलिंगचा आकडा, म्हणजे एक क्लास बाकीच्या किती क्लासना चिकटलाय. आकडा मस्त खाली आला. मित्र म्हणाला झालं की रे, सबमिट कर. सर म्हणाले, मग परमिशन आता कोण तपासतं? तपासलं तर जातच होतं, फक्त क्लासच्या कोडमधे अ‍ॅस्पेक्टचं नाव नव्हतं, आणि नाव नाही म्हणजे सीबीओच्या लेखी संबंधच नाही.

मग चेक्काटो आणि टोनेला यांचे २००४चे मेट्रिक्स घेतले. सीएई म्हणजे एका मॉड्यूलवर किती अ‍ॅस्पेक्टचे अ‍ॅडव्हाइस (मेथडला बाहेरून जोडला जाणारा कोड) चालू शकतात, सीआयएम म्हणजे पॉइंटकटमधे (तो कोड कुठे लावायचा ते सांगणाऱ्या नियमात) किती मॉड्यूलची नावं उघड लिहिलीत, आणि सीडीए म्हणजे खरंच किती मॉड्यूलना तो अ‍ॅस्पेक्ट लागतो. कंपायलरला 'शोवीव्हइन्फो' ऑप्शन दिला की कुठल्या मेथडवर कुठला अ‍ॅडव्हाइस बसला ते ओळीओळीने छापतो, तेच फाईलमधे घेऊन पायथनने मोजलं.

परमिशनवाल्या अ‍ॅस्पेक्टचा सीआयएम शून्य आणि सीडीए भरपूर, कारण पॉइंटकटमधे सगळे वाइल्डकार्ड, म्हणजे पूर्ण नावाऐवजी 'इश्यू*'सारखे नमुने. चेक्काटो-टोनेला यांच्या मते ही तफावत चांगली, अ‍ॅस्पेक्ट जनरल आहे. मला काही ते पटेना, म्हणून मुद्दाम 'इश्यूबुक' मेथडचं नाव बदलून 'लेंडबुक' केलं. पॉइंटकट 'इश्यू'ने सुरू होणाऱ्या मेथड पकडत होता. बिल्ड क्लीन, एकही वॉर्निंग नाही, कारण अ‍ॅडव्हाइस कुठेच लागला नाही तरच कंपायलर बोलतो, आणि इथे 'इश्यूजर्नल'वर तो लागत होताच. आता परमिशन न तपासता पुस्तक कोणीही इश्यू करून घ्यावं! सीआयएम होता तिथेच, सीबीओ पण. फक्त वीव्हिंगच्या, म्हणजे 'शोवीव्हइन्फो'ने छापलेल्या, यादीतली एक ओळ गायब, आणि ती जुनी-नवी यादी डिफ केल्यावरच (ओळीओळीने ताडल्यावरच) दिसली.

व्हायव्हात एक्स्टर्नलनी विचारलं, मग अ‍ॅस्पेक्ट वापरायचे की नाही? म्हटलं लॉगिंगला बिनधास्त वापरा, पण परमिशनचा पॉइंटकट मेथडच्या नावावर नको, अ‍ॅनोटेशनवर (मेथडवर उघड लिहिलेल्या खुणेवर) लावा. मोजणारं टूल अ‍ॅनोटेशन धरत असेल तर सीबीओ थोडा वर जाईल, जाऊ दे.