अक्का कुठं हाय?

2024 साली पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असा नियम आला आणि शहापुरातल्या आमच्या स्टुडिओची पाटी उतरवावी लागली. बेळगावात जन्म काढलेल्या माणसाला पाटीचं नवल नाही. पण जुन्या पाटीवर मी काय काय भरलं होतं! लग्न, बारसं, मुंज, पासपोर्ट, प्री-वेडिंग, ड्रोन, प्रॉडक्ट शूट, फ्रेमिंग, लॅमिनेशन. फ्लेक्सवाला माप घेऊन म्हणाला, "मालक, वर कन्नड मोठं येणार. खाली एवढी यादी मावत नाही वो. ह्यातलं कुठलं ठेवू?"

संध्याकाळी सांगतो, म्हणालो.

खरं तर उत्तर तयार होतं. आदल्या वर्षी एका कार्यशाळेत आम्हा फोटोग्राफरांकडून 'आदर्श ग्राहक' कागदावर लिहून घेतला होता. वय, नोकरी, पगार, मोबाइलवर काय बघतो, सगळं. मी लिहिलं: मुलगी, वय 27, बेंगळुरूत आयटीत, माहेर बेळगाव, कँडिडची आवड. तिच्यासाठी इन्स्टाग्रामवर बेंगळुरू-पुण्याला जाहिराती सोडल्या, हप्त्यानं ड्रोन घेतला. मेसेज भरपूर यायचे. दर कळवला की पलीकडं सामसूम.

त्याच दुपारी खानापूर तालुक्यातले एक शेतकरी मुलीच्या लग्नाचा अल्बम न्यायला आले. चपला बाहेर काढल्या, अल्बम काउंटरवर ठेवला आणि एकेक पान अंगठ्यानं उलटत गेले. शेवटच्या पानावरून परत पहिल्यावर. मग म्हणाले, "पोरीचे फोटो झकास हाईत. माझी अक्का कुठं हाय?"

असेल की, म्हणून मी हार्ड डिस्क लावली. 3,200 फोटो. अर्ध्या तासानं अक्का सापडली, एकाच फोटोत. पुढं नवरीचा मेंदीचा हात, मेंदीची रेघन् रेघ मोजावी असा, आणि मागं हिरव्या इरकलीतली एक बाई, हातात आरतीचं ताट, चेहरा पार धूसर. 85 एमएमची लेन्स, अॅपर्चर 1.8. मागचं सगळं विरघळवायचं, हेच तर मी हौसेनं शिकलो होतो.

"हीच की वो," ते म्हणाले. "आठ दिवस चुलीपुढनं उठली नाही. आता रोज इचारत्या, माझा फोटो आला काय?"

भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाकीचे 18 हजार मोजून दिले, अल्बम धोतराच्या कापडात गुंडाळला आणि बस धरायला गेले.

मी ऑर्डरची वही काढली. आमच्या वहीत 'कुणी सांगितलं' असा एक रकाना आहे, वडिलांच्या काळापासूनचा. तो मी नेमानं भरत होतो, वाचला मात्र कधीच नव्हता. दोन सीझनच्या 38 ऑर्डरींपैकी पहिला फोन नवरा-नवरीनं केलेल्या फक्त 9. बाकी सगळे बाप, चुलते, नाहीतर बहिणीचं लग्न लांबून, पोस्टिंगच्या ठिकाणावरून ठरवणारे मिलिटरीतले भाऊ. आणि त्या रकान्यात पुनःपुन्हा एकच: मामाकडं अल्बम बघितला, आत्याकडं अल्बम बघितला. नवरी मोबाइलमधले चार फोटो घेऊन पुण्याला जाते. अल्बम बापाच्या कपाटात राहतो, आल्यागेल्याला चहाबरोबर दाखवला जातो. ती 27 वर्षांची मुलगी माझ्या दुकानात कधी आलीच नव्हती. आला होता तो तिचा बाप.

संध्याकाळी फ्लेक्सवाल्याला सांगितलं, "लग्न ठेव. बाकी काढ."

"ड्रोन पण?"

"ड्रोन पण." हप्ते अजून चालू होते, ते त्याला सांगितलं नाही. आता वर 'मदुवे', खाली 'लग्न'. पासपोर्टवाले पाटी न वाचताच येतात.

बेंगळुरूच्या जाहिराती बंद केल्या. त्या पैशात प्रत्येक लग्नाचा एक छोटा अल्बम मामाच्या घरी फुकट पोचवतो. लग्नाआधी घरच्या वडीलधाऱ्यांसमोर वही घेऊन बसतो आणि नावं लिहून घेतो: आत्या, मावश्या, भाऊबंद, ज्यानं मांडव घातला तो, आचारी. एक पोरगा फक्त त्या यादीमागं लावलेला असतो. आंबोलीच्या धुक्यात प्री-वेडिंग हवं म्हणणाऱ्यांना मित्राचा नंबर देतो. त्यातली एखादी लाखाची ऑर्डर निघाली की पोटात कालवतं, खोटं कशाला बोला.

अक्काचं सांगायचं राहिलं. पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. तिनं तीच हिरवी इरकल नेसली, ताटात निरांजन लावलं. हसा म्हटलं तर हसली नाही. "माझ्या मागचं घर बी येऊ दे," एवढंच म्हणाली. मग अॅपर्चर 8 ठेवलं. सारवलेली भिंत, भाताची पोती, दारात दाटी करून उभी पोरं, खुंटीवरची घोंगडी, सगळं लख्ख आलं. अक्कासुद्धा.