कोंबड्यांची पायतपासणी : मृगापासून मघेपर्यंत

मृग
यंदा परड्यातल्या कोंबड्यांच्या पायांचीच नोंद ठेवायचं ठरवलं. अंडी घटली की आपण लगेच खाद्याकडं बघतो, पण कोंबडी लंगडली की "मुरगळला असंल" म्हणून सोडून देतो. कोल्हापुरात एकदा पाऊस लागला की फुलेवाडीतलं आमचं परडं काही वाळत नाही. ओल्यात उभं राहून तळवा मऊ पडतो आणि एखादा बारीक खडा रुतला की जंतूंना वाट मिळते.

तपासायला रात्रीची वेळ बरी. खुराड्यात गप बसलेली कोंबडी फडक्यात गुंडाळून काखेत धरायची आणि मोबाईलच्या उजेडात तळवा, बोटांमधल्या खाचा, नळीवरचे (बोटांच्या वरच्या उघड्या पायावरचे) खवले, घोटा असं क्रमानं बघायचं. दोन्ही पाय शेजारी धरले की सूज लगेच कळते. हाताला गरम लागतोय का, तेही बघायचं.

तरणा पाऊस
गिरिराजा जातीतली तांबडी डावा पाय उचलून धरत होती. तळव्याच्या मधोमध वाटाण्याएवढी काळी खपली, भोवती लालसर फुगवटा. म्हणजे बंबलफूट, तळव्यात जंतू शिरून होणारी गाठ. बहुतेक वेळा यामागं स्टॅफिलोकोकस जंतू असतो. तो माणसालाही बाधू शकतो, म्हणून हातमोजे घालूनच पायाला हात लावा.

कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून पाय भिजवायचा, पुसून कोरडा करायचा, बीटाडीन लावायचं, वर गॉज आणि चिकटपट्टी. पट्टी बोटांमधून फिरवून नळीवर आणली तर टिकते. फार आवळली तर बोटं सुजतात. कोंबडीचा पू पातळ नसतो, आत पिवळट घट्ट खडा धरतो. त्यामुळं दाबून काही निघत नाही, उलट घाण आणखी आत जाते. सूज बोटांपर्यंत चढली असेल तर घरी ब्लेड चालवू नका, सरळ पशुवैद्याकडं न्या. अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही तिथंच विचारून घ्या.

गिरिराजा, वनराजा ही अंगानं जड जात. उंचावरून उडी मारली की सगळा भार तळव्यावर येतो. म्हणून कोंबड्यांची बसायची दांडी आता जमिनीपासून दीड फुटाच्या आत ठेवली आहे, कडा तासून गोल केल्या आहेत. खाली भाताचं तूस. ओलं झालं की त्याच दिवशी बदलायचं.

म्हातारा पाऊस
जुन्या देशी कोंबडीच्या नळीवरचे खवले उचललेले आणि त्याखाली पांढरट भुगा. ही खवल्यांखाली बिळं करणाऱ्या माइट्सची, म्हणजे अगदी बारीक किड्यांची करामत. शेजारच्या आजी म्हणाल्या, "रॉकेल लाव की रं, आमी तेच लावत हुतो." नको! रॉकेलनं कातडी भाजते. कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशनं नळी धुवायची, वाळली की व्हॅसलीन जाड थरानं चोपडायचं, खवल्यांच्या फटीत जाईल असं. हे काही आठवडे सलग चालू ठेवावं लागतं, कारण खवल्यांखाली नवे माइट्स होत राहतात. खवले ओढून काढायचे नाहीत, रक्त येतं. एकीला दिसलं की सगळ्यांचे पाय बघायचे आणि दांड्याही घासायच्या. आयव्हरमेक्टिन हे किडे मारायचं औषध डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलं तरच.

आश्लेषा
पायात दिसतं पण मूळ भलतीकडंच असतं, असंही होतं. तलंगेचा (तरण्या कोंबडीचा) एक पाय पुढं आणि एक मागं ताणलेला असेल तर मारेक्स रोगाची शंका घ्यावी. तो विषाणूमुळं होतो, त्यावर औषध नाही. लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच हॅचरीत टोचतात. त्यामुळं पिल्लं घेताना हे आधी विचारा. लंगडेपणाबरोबर मान मुरगळणं आणि हिरवी विष्ठा दिसली तर राणीखेत रोगाचा संशय, लगेच वेगळं ठेवून दवाखान्यात कळवायचं. पिल्लांची बोटं आत वळली तर ब-२ जीवनसत्त्व कमी पडत असेल. गुळगुळीत वर्तमानपत्रावर वाढवलेल्यांचे पाय फाकतात. खाली खरखरीत काहीतरी हवं. भरात अंडी देणारी कोंबडी अचानक बसकण मारते तेव्हा कॅल्शियमचा विचार करायचा. आमच्याकडं शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात असतो, जिला लागेल ती खाते.

मघा
तांबडीची खपली सुटली, खाली गुलाबी कातडी आली आहे. लंगडणं थांबलं, तरी पट्टी अजून काढलेली नाही. देशीच्या नळ्या मऊ पडल्या आहेत. खवले पूर्ववत दिसायला मात्र महिने जातील. गगनबावडा, राधानगरी भागातल्या मंडळींनी सांगा : तुमच्याकडच्या पावसात तूस टिकतं का, की खाली उसाचं पाचट घालता?