स्विंडनच्या इंजिन कारखान्यात, बाबांबरोबर

बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. ते लंडनला आमच्याकडे आले तेव्हा राजवाडा, पूल, घड्याळ दोन दिवसांत पाहून झालं आणि तिसऱ्या दिवशी मी त्यांना स्विंडनला नेलं. पॅडिंग्टनहून गाडीने तासाभराचा प्रवास. तिकीट आगाऊ काढा, आयत्या वेळी ते फार महाग पडतं.

स्टेशनवर उतरून थेट रेल्वे संग्रहालय गाठू नका. आधी रेल्वे व्हिलेजमधून चाला. ग्रेट वेस्टर्न रेल्वे या कंपनीने कामगारांसाठी बांधलेली ही सुमारे ३०० दगडी घरं. गल्ल्यांना स्टेशनांची नावं: ब्रिस्टल, बाथॅम्प्टन, एक्झिटर, टाँटन. बाबा म्हणाले, "अरे, या तर बैठ्या चाळीच!" घरांत आजही लोक राहतात, फोटो काढताना भान ठेवा. तिथून रुळांखालून एक पायी बोगदा जातो. याच बोगद्यातून हजारो माणसं पलीकडच्या इंजिन कारखान्यात कामावर जायची. कारखान्यात काम करणारा "मी आत असतो" एवढंच सांगायचा आणि गावाला ते कळायचं.

कारखाना इथेच का, हे समजलं की पुढचं सगळं जास्त भिडतं. लंडनपासून इथवरचा मार्ग जवळजवळ सपाट, पुढे ब्रिस्टलकडे चढ-उतार. त्यामुळे इंजिन इथे बदलणं सोयीचं होतं. चेल्टनहॅमचा फाटाही इथूनच फुटणार होता आणि कोळसा आणायला शेजारी कालवा होता. १८४० मध्ये कंपनीच्या इंजिन विभागाचा प्रमुख डॅनियल गूच याने मुख्य अभियंता ब्रुनेलला पत्र लिहून ही जागा सुचवली, तेव्हा गूच अवघ्या २४ वर्षांचा होता. १८४३ मध्ये दुरुस्तीचं काम सुरू झालं. १८४६ मध्ये इथेच पूर्ण घडवलेलं पहिलं इंजिन बाहेर पडलं. पुढे रूळ आणि डबेही इथेच होऊ लागले आणि भरभराटीच्या काळात कामगार १४,००० वर गेले. ब्रुनेलचा रुंद गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, सात फुटांहून किंचित जास्त होता. आपला साडेपाच फुटांचा, आणि आपण त्याला ब्रॉडगेज म्हणतो! १८९२ मध्ये ब्रुनेलचा तो गेज कायमचा गेला.

कारखान्याच्याच एका इमारतीत स्टीम हे संग्रहालय २००० पासून आहे. तीन तास हाताशी ठेवा. १९२३ चं 'केअरफिली कॅसल' इंजिन इथे आहे आणि त्याच्या खालून चालत जाता येतं. बाबा तिथून बाहेरच येईनात. वर बोट दाखवून एकेक भागाचं नाव सांगत होते, वर्कशॉपात म्हणतात तसंच. जुने कामगार स्वयंसेवक म्हणून भेटले तर जरूर बोला. एकांनी बाबांशी हात मिळवला आणि दोघं रिव्हेट ठोकण्याबद्दल बराच वेळ बोलत राहिले. मी दुभाषा.

मला स्वतःला कारखान्याच्या भोंग्याची हकीकत सर्वांत जवळची वाटली. सगळं गाव त्यावर उठायचं. १८७० च्या दशकात जवळच्या एका उमरावाने झोपमोड होते म्हणून तक्रार केली होती. लालबागला वाढलेल्या कुणालाही हे सांगून समजवावं लागत नाही. कामगारांनी १८४७ पासून स्वतःच्या पगारातून औषधपाण्याचा निधीही चालवला. गिरणगावच्या माणसाने तो भाग नीट वाचावा.

१९६० मध्ये ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन 'इव्हनिंग स्टार' इथेच तयार झालं. १९८६ च्या मार्चमध्ये कारखाना बंद पडला. बऱ्याचशा शेडमध्ये आता कपड्या-बुटांचं मोठं आउटलेट आहे. जेवायला तिथेच जा, पण दुकानांत शिरताना मान वर करा, छताखाली जुनी यंत्रसामग्री जपून ठेवली आहे. फिनिक्स मिलच्या आवारात चिमणी उभी आहे ना, तसंच. बाबा एका क्रेनखाली थांबले. गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी जात होती.

"किती टनांची असेल?" मी विचारलं.

"थांब, बघू दे," ते म्हणाले.

आमची ठरलेली गाडी चुकली. परतीचं तिकीट काढताना वेळेचं बंधन नसलेलं घ्या.