सँ-एस्तेफची एकच वाईन, वेगवेगळ्या वयात

आमच्या ग्रुपात वाईनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, "जितकी जुनी तितकी भारी असते ती." म्हणणारा बहुतेक वेळा बिअरच्या पुढं गेलेला नसतो (संभाजीनगर म्हणजे वाळूजच्या ब्रुअऱ्यांचं गाव, त्याला तरी काय दोष द्यायचा), पण हे वाक्य सगळ्यांना पाठ. मला ते आता अजिबात पटत नाही, कारण एकच फ्रेंच रेड वाईन, सँ-एस्तेफ गावची, तेच साल, काही काही वर्षांच्या गॅपनं प्यायला मिळाली आणि तिचं वय सरळ रेषेत चढत जात नाही हे जिभेनंच कळलं.

मिळाली अशी की इंजिनिअरिंगचा एक मित्र फ्रान्समध्ये तुलूझला नोकरीला आहे, तिथून बोर्दो, म्हणजे वाईनसाठी गाजलेला भाग, गाडीनं अडीचेक तास. त्यानं २०१० सालच्या सँ-एस्तेफची १२ बाटल्यांची पेटी घेऊन बिल्डिंगच्या तळघरात ठेवली. तिकडं जुन्या इमारतींना अशी तळघरं असतात, लोक त्यात सायकली, अडगळ आणि वाईन ठेवतात, भर उन्हाळ्यातही गार. गावी येताना अधूनमधून दोन बाटल्या आणतो. दोनच, कारण कस्टममध्ये माणशी २ लिटरच दारू सोडतात, ७५० मिलीची तिसरी घेतली की हिशोब बिघडला. इथं दुकानात अशी बाटली शोधायची म्हणलं तर इतकी वर्षं इंपोर्टेड वाईनवर १५० टक्के कस्टम ड्युटी, म्हणजे तो विषयच सोडून द्या.

सँ-एस्तेफ हे बोर्दोच्या मेदॉक पट्ट्यातलं गाव, जिरोंद खाडीच्या काठाला. मार्गो, सँ-ज्युलियँ, पोयाक ही नावाजलेली गावं ओलांडून वर उत्तरेला गेलं की हे लागतं. तिथल्या जमिनीत चिकणमाती जरा जास्त, त्यामुळं वाईन तरुणपणी कडक असते, आणि त्यात २०१० म्हणजे कोरडं साल, द्राक्षात टॅनिनही (तोंड आवळणारं तुरट द्रव्य) भरपूर आणि आम्लही भरपूर. थोडक्यात लांब पल्ल्याचा माल.

पहिली बाटली उघडली तेव्हा ती चार-पाच वर्षांची असेल. रंग काळपट जांभळा, ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला तरी कडेपर्यंत जांभळाच. वास काळ्या फळांचा आणि नव्या ओकच्या पिंपाचा, आणि घोट घेतला की हिरड्या आवळून गेल्या. एकजण म्हणला, "तोंड वाळून चाललंय की रे, हे पैसे देऊन घेतलं का तू?" ते टॅनिन. द्राक्षाची सालं, बिया आणि थोडं पिंपाचं लाकूड यातून येतं आणि लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं. पण मला ती आवडली होती, आरडाओरडा करणारी होती पण काय म्हणायचंय ते स्पष्ट म्हणत होती.

मग मधली. हिच्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं आधी. वाटलं आता नरम झाली असेल, तर उलटंच, वासच नाही, फळ गायब, नुसतं तुरट आणि आंबट. मित्र तोंड पाडून बसला, "मेली का काय ही, कायच लागंना." मेली नव्हती. बोर्दोच्या बऱ्याच वाईन्स मध्येच अशा मुक्या होतात, सुरुवातीची फळं मागं पडलेली आणि म्हातारपणचे वास अजून आलेले नसतात, आणि हा काळ दोन वर्षं टिकेल का पाच याचा कुणी शब्द देत नाही. लोक इथंच फसतात बघा. महागाची बाटली याच वयात उघडतात आणि ठरवून टाकतात की फ्रेंच वाईन म्हणजे नुसती हवा.

यंदाच्या दिवाळीत उघडलेली मात्र वेगळीच होती. आधी रंग. चिंच जुनी होते तशी काळी पडत जाते, रेड वाईनचं बरोब्बर उलटं, ती उजळत जाते. मध्ये अजून गडद लाल पण कडेला विटकरी. रंगद्रव्यं आणि टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून मोठे रेणू होतात, त्यातले काही जड होऊन तळाशी गाळ बनून बसतात, म्हणून रंगही उतरतो आणि जिभेवरची ती आवळणीही. म्हणूनच बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवायची आणि ओतताना हलवायची नाही. आम्ही मागून मोबाईलचा टॉर्च धरला आणि मानेपाशी गाळ दिसायला लागला की थांबलो.

वास पहिली दहा मिनिटं बंद बंद, जरा कुबट. घाई करणाऱ्यांनी तेवढ्यातच नाकं मुरडली. मग हळूहळू सुकी तंबाखूची पानं, चामडं, पेन्सिल तासल्यावर येतो तो लाकडाचा वास, पावसाळ्यात कुजलेल्या पाल्याचा वास (वाचायला घाण वाटतं, ग्लासात घाण नाही लागत), आणि तासाभरानं सगळ्याच्या खालून ते काळं फळ परत आलं, ताजं नाही, सुकवलेलं. तुरटपणा होता पण बारीक. मला वाटतं अजून पुरती पिकलेली नाही ती, पाच-सात वर्षं आरामात जाईल. एक मित्र मात्र ठाम, "पहिलीच भारी होती, हिच्यात दम नाही." त्याचंही खोटं नाही. वयात ताकद जाते आणि बारकावा येतो, ज्याला ताकद पाहिजे त्यानं कशाला थांबायचं.

हे सगळं तिथल्या तळघरात झालं म्हणून झालं हे विसरू नका. वाईनला साधारण १२ ते १४ डिग्री लागतात, आणि तेही हलत्या-डुलत्या नाही, स्थिर. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२, माळ्यावर त्याहून जास्त, त्यात लाईट कधी जाईल नेम नाही. उष्णतेनं आतल्या सगळ्या क्रिया भराभर होतात, पण त्यातून तो तंबाखू-चामड्याचा वास येत नाही, शिजवलेल्या मुरंब्याची चव येते, बूच वर सरकतं, कडेनं गळतं. मराठवाड्यात वाईन फ्रीज आणि इन्व्हर्टर नसेल तर दहा वर्षांची स्वप्नं बघू नयेत.

गंमत म्हणजे बाहेरची वाईन या देशाला नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिवचं तेर, इथला माल भडोच बंदरात जायचा असं लिहिलंय, आणि त्याच बंदरात उतरणाऱ्या मालात इटालियन वाईन पहिल्या पसंतीची. त्यातली तेरपर्यंत किती पोचली आणि पोचली तेव्हा कशी लागत होती देव जाणे, जहाजात आणि बैलगाडीत मुरलेली.

जेवणाचं सांगतो नाहीतर कमेंटात विचारालच. नान खलिया नको, येसर घातलेला रस्सा तर नकोच. तिखटानं जीभ पेटली की अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही टोचतात आणि एवढे नाजूक वास जागच्या जागी संपतात. अळणी मटण, मीठ आणि थोडी मिरी, चरबीचे तुकडे असलेलं. बस.

आणि काकांनी परदेशातून आणलेली, शोकेसमध्ये ट्यूबलाईटखाली उभी ठेवलेली साधी वाईन ज्यांच्या घरी आहे ना, ती 'मुरायला' ठेवू नका. जगातली बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत प्यायसाठीच बनवतात, नाशिकचीही त्यातच आली. याच रविवारी उघडा. शिरक्यासारखी लागली तर बेसिनमध्ये ओता, मटणात घालून मटण वाया घालवू नका, आठशे रुपये किलो झालंय.